‘धर्मात्मा’ : एक उपेक्षित बोलपट

शांतारामांचें नांव निघालें कीं लोकांस ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ आठवतात. मला मात्र आधीं आठवतो तो ‘प्रभात’चा १९३५ सालचा कृष्णधवल ‘धर्मात्मा’. संत एकनाथांवरील या बोलपटाचें मूळ नांव ‘महात्मा’. गांधीजींच्या बिरुदाशीं असलेल्या साम्यामुळें सेन्सॉरनें तें बदलावयास लाविलें. स्त्रीभूमिकांनीं महाराष्ट्रास वेड लावणारे बालगंधर्व येथें एकनाथ झाले आहेत. त्यांचा अभिनय आज नाटकी वाटतो, हें मला मान्य आहे.

मीं तो निवृत्तीनंतर पाहिला. अस्पृश्य मानलेल्यांसह नाथ जेवावयास बसले, आणि माझी मान खालीं गेली. १९५६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं ज्या नागपुरांत धम्मदीक्षा घेतली, तेथेंच, त्यानंतरहि अनेक वर्षें, आमच्या मोलकरणीचा पेला ओसरीच्या कोनाड्यांत वेगळा असे. आंत माजघरांत ‘एकनाथी भागवता’चें वाचन चाले. मोठेपणींहि तो पेला मीं आंत नेला नाहीं.

शांतारामांनीं पुढें याहून सरस चित्रें काढलीं, हें खरें. परंतु या म्हाताऱ्या मास्तराला ओशाळें करणारें चित्र हेंच. मिळाल्यास आपणहि घरांतील मुलांसह अवश्य पाहावें.