आळीची बैठक
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मी छत्तीस वर्षे मास्तरकी केली. शेवटी हेडमास्तर होऊन घरी बसलो. मास्तर बोलायला उभा राहिला की लवकर खाली बसत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण तुम्ही दिवसभर राबून आला आहात. म्हणून थोडक्यात सांगतो.

माझ्या घराला लागून एका आजींचे घर आहे. त्यांचा मुलगा पुण्याला कारखान्यात. आजी एकट्याच राहत. त्यांच्या न्हाणीचे पाणी माझ्या भिंतीच्या पायात मुरत असे. त्यावरून बोलाचाली झाली. मी हेडमास्तर! मी कशाला माघार घेऊ? दोन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पलीकडच्या घराचेही त्यांच्याशी कशावरून तरी बिनसलेले.

एकदा भर पावसाळ्यात, रात्रीच्या वेळी आजी न्हाणीत घसरून पडल्या. मांडीचे हाड मोडले. त्यांनी हाका मारल्या असतील. पण बाहेर पाऊस आणि आमच्या घरात टीव्ही. सकाळी माझी बायको म्हणाली, "अहो, आजींचं दार अजून बंद आहे." मी म्हणालो, "असू दे. आपल्याला काय करायचंय?"

दुपारी दूध घालणाऱ्या पोराने आरडाओरड केली, तेव्हा दार फोडले. रात्रभर आणि अर्धा दिवस आजी ओल्या फरशीवर पडून होत्या.

त्या वाचल्या. पण त्यांचे चालणे गेले. मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. गाडीत बसवल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. म्हणाल्या, "मास्तर, पाणी आता नाही मुरायचं."

मंडळी, आमच्या आळीत कुलपांना तोटा नाही. कुत्री आहेत. एकाने दारावर कॅमेरासुद्धा बसवला आहे. पण आजींवर काही चोराने घाला घातला नव्हता. दहा हातांवर माणसे होती आणि कोणी कोणाची चौकशी करत नव्हते, एवढेच झाले.

शेजाऱ्याची ओळख सुटली, तर परक्याची भीती किती वाटेल? याचीही एक गोष्ट आहे. ती सांगताना जीव जड होतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. लांबून पाच जण तिथे आले होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. गावोगाव फिरून भिक्षा मागणे ही त्यांच्या समाजाची जुनी रीत. त्या दिवसांत मोबाईलवर एक अफवा फिरत होती, की मुले पळवणारी टोळी आली आहे. लोकांनी या पाच जणांनाच टोळी ठरवले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही जणांचा जीव गेला. त्यांच्यातला एकही मुले पळवणारा नव्हता.

मारणारे लोक कोण होते? आपल्यासारखेच, बाजाराला आलेले. मला भीती वाटते ती याचीच. चार माणसे जमली म्हणजे बैठक झाली असे नव्हे. मारायलाही माणसे जमतातच.

मग जमावे कसे? आपल्याच राज्यातले उदाहरण देतो. ठाणे जिल्ह्यात भिवंडी हे मागांचे शहर आहे. रात्रंदिवस तिथे कापड विणले जाते. माग चालवणारे लांबून आलेले आहेत, कोणी उत्तरेतून, कोणी तेलंगणातून. हिंदू आहेत, मुसलमान आहेत. 1970 साली आणि पुन्हा 1984 साली तिथे मोठ्या दंगली झाल्या. 1988 साली सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी तिथे आले. त्यांनी पाहिले, की लोकांची आणि पोलिसांची गाठ पडते ती मारामारीच्या वेळीच. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांचेही थोडेफार तसेच. म्हणून त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. समितीत दोन्ही धर्मांची माणसे घेतली. पुढाऱ्यांना लांब ठेवले. सुरुवात पोलिसांनी केली हे खरे, पण बसायचे आणि बोलायचे ते तिथल्या राहणाऱ्यांनीच.

ते काय बोलत? तुम्हांला वाटेल, मोठ्या धर्माच्या गोष्टी. छे! नळाला पाणी नाही, गटार तुंबले, अमक्याचे तमक्याशी भांडण झाले, हेच. गटारावर दहा वेळा एकत्र बसलेल्या माणसांची नावे एकमेकांना पाठ होतात. मुलाबाळांची चौकशी होते.

6 डिसेंबर 1992 रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. देशात जागोजागी दंगली पेटल्या. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून नऊशे माणसे मेली. भिवंडी मुंबईच्या उशाशी. आता भिवंडी पेटणार, असा सगळ्यांना धाक. पण भिवंडी पेटली नाही. पुढे मुंबईतही अशा मोहल्ला समित्या निघाल्या. ज्युलिओ रिबेरो यांच्यासारखे निवृत्त पोलीस अधिकारी त्या कामात होते.

एक मात्र लपवणार नाही. 2006 साली भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून पुन्हा दंगा झाला. लोक मेले, पोलीसही मेले. शेत एकदा नांगरले म्हणून जन्मभर पिकत नाही, तसेच हे आहे. आमच्याच गावात तंटामुक्तीचा फलक अजून उभा आहे. समिती शेवटची कधी बसली, ते कोणाला आठवत नाही.

आता आमच्या आळीचे सांगतो. आजी गेल्यावर मी घरोघर जाऊन सांगितले, की पौर्णिमेला जेवणे झाल्यावर माझ्या ओट्यावर या. पौर्णिमा अशासाठी, की वीज गेली तरी अंधार नको. पहिल्या खेपेला सात जण आले. त्यांतले तिघे चहासाठी! बाया आल्याच नाहीत. बायकोने मला सुनावले, "तुम्ही वेळ कोणाला विचारून ठरवली?" मग वेळ तासभर पुढे नेली. आता बायाच जास्त असतात.

आणखी एक चूक झाली. पहिल्या दोन बैठकांना आम्ही बौद्धवाड्यात निरोपच दिला नव्हता. वाडा आमच्या आळीला लागूनच आहे. तिथल्या एका तरुणाने मला रस्त्यात थांबवून विचारले, "गुरुजी, चोर काय तुमच्याच आळीत येतो का?" मला उत्तर देता आले नाही. आपल्याच भाऊबंदांना जमवले तर तो कंपू होतो, बैठक होत नाही. तिसऱ्या बैठकीला ते आले. एकाच सतरंजीवर सगळे बसलो. खुर्ची कोणालाच नाही, मलाही नाही. गुडघे दुखतात, पण बसतो.

निवडणुकीचा विषय काढायचा नाही. जो हजर नाही त्याच्यावर आळ घ्यायचा नाही. एवढे दोनच नियम आहेत. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे, कोणता दिवा बंद आहे, हे बोलायचे. ऊसतोडीची माणसे कोपी घालून राहिली, तर त्यांच्यातल्या दोघांना बोलावायचे.

गेल्या दिवाळीआधी मोबाईलवर तीच जुनी अफवा आली. मुले चोरणाऱ्या बाया हिंडत आहेत म्हणे. दुसऱ्याच दिवशी आळीत दोन बोहारणी आल्या, डोक्यावर भांड्यांच्या पाट्या घेऊन. पोरांनी त्यांना अडवले. एकाने हातात काठी घेतली. तेवढ्यात बैठकीतली एक म्हातारी पुढे झाली. म्हणाली, "अरे, हिला मी ओळखते. मागल्या साली माझं लुगडं नेऊन मला पातेलं दिलंय." तिने त्यांना ओट्यावर बसवले. पाणी दिले. काठीवाला पोरगा खाली मान घालून निघून गेला. त्याच पौर्णिमेला ठरले, की शंका आली तर 112 नंबरला फोन करायचा. हात उगारायचा नाही.

हे सगळे एका वहीत लिहिलेले असते. वही मी लिहीत नाही. अशाच एका वर्गात अक्षरे शिकलेली बाई लिहिते. तिचे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. मी लाल शाई काढली, तर ती म्हणते, "गुरुजी, आता शाळा सुटली."

त्या वहीत पहिल्याच पानावर आजींच्या सांडपाण्याचा ठराव आहे. बारा फूट पाइप टाकून पाणी गटारात सोडायचे. खर्च सहाशे रुपये. अर्ध्या तासात ठरले. दोन वर्षे मी ज्यासाठी तोंड फिरवून बसलो होतो, ते काम हे एवढे होते.

येत्या पौर्णिमेला आमची बैठक पाहायला या. तुमच्या गावापासून कोसभरावर तर आहे. आजींचा मुलगा त्यांना चार दिवसांसाठी घेऊन येणार आहे. त्यांची खाट माझ्या ओट्यावर टाकायची, असे वहीत लिहिले आहे. खाट मी काल उन्हात टाकून झटकून ठेवली.