अपंग बालकांची शस्त्रक्रिया आणि कोयत्याचे अर्थशास्त्र

(मुखेड येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्याच्या प्रश्नावर चळवळीने आजवर ज्या मागण्या केल्या, त्या बहुधा इमारतींच्या, खाटांच्या आणि डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरण्याच्या होत्या. त्या रास्तच होत्या. परंतु काही विकार असे आहेत की, रुग्णालय उभे राहिले, शल्यविशारद मिळाला, शस्त्रक्रियाही विनामूल्य झाली, तरी मूल चालत नाही ते नाहीच. बालकांच्या हाडांचे, सांध्यांचे आणि हालचालींचे विकार या जातीचे आहेत. त्यांत सुरीचे काम अर्ध्या तासाचे अथवा चार तासांचे असते; उरलेले काम पाच-दहा वर्षांचे असते, आणि ते आईच्या अंगावर पडते. त्या उरलेल्या कामाची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

मुखेड हा बालाघाटच्या डोंगररांगांतला तालुका. जमीन हलकी, शेती पावसाच्या भरवशावरची. दसरा-दिवाळी उलटली की वाड्या-तांड्यांवरून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. समजा, अशा एखाद्या घरात दोन्ही पावले आत वळलेले मूल जन्माला आले. पहिला दोष आईच्या माथी येतो, तिने ग्रहण पाळले नाही म्हणून. वास्तविक हा विकार जगभर हजार जन्मांमागे साधारणतः एका-दोघांत आढळतो आणि ज्या देशांत ग्रहण कोणी पाळीत नाही तेथेही तो तितकाच आढळतो.

या वाकड्या पावलावरचा आजचा सर्वमान्य उपचार ज्याने शोधला, त्या इग्नासिओ पॉन्सेटी यांचे चरित्र समाजवादी कार्यकर्त्याने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. स्पेनच्या मिनोर्का बेटावर 1914 साली जन्मलेला हा डॉक्टर यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या सैन्याच्या वैद्यकीय पथकात होता. 1939 साली फ्रँकोचा विजय झाल्यावर जखमी सैनिकांना खेचरांवर घालून, पिरेनीज पर्वत ओलांडून त्याने फ्रान्समध्ये नेले. पुढे मेक्सिकोतील एका खेड्यात वैद्यकी केली आणि 1941 मध्ये तो अमेरिकेतील आयोवा येथे पोहोचला. तेथे त्याने पाहिले की, मोठ्या शस्त्रक्रियेने सरळ केलेली पावले पुढे वयात आल्यावर ताठर आणि दुखरी होतात. त्याने सुरी बाजूस ठेवली. बाळाचे पाऊल हातांनी हळूहळू वळवायचे, दर आठवड्याला नवे प्लास्टर घालायचे, पाच-सहा प्लास्टरांनंतर टाचेची नस जागेवरच भूल देऊन बारीक छेदाने सोडवायची आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवायचे. एवढीच ती पद्धत. 1963 साली त्याने ती प्रसिद्ध केली. शल्यविशारदांच्या जगाने पुढील तीसेक वर्षे तिच्याकडे जवळजवळ ढुंकून पाहिले नाही. ज्या उपचारात शल्यगृहाचा दिमाख नाही आणि बिलही मोठे होत नाही, त्याला प्रतिष्ठा मिळावयास वेळ लागतो, एवढाच याचा अर्थ. अखेरीस तिचा प्रसार झाला त्यात डॉक्टरांइतकाच आईबापांच्या आग्रहाचा वाटा होता. पॉन्सेटी 2009 साली वारले.

पण प्लास्टर निघाले म्हणजे उपचार संपला, असे नाही. दोन बुटांना जोडणारी आडवी पट्टी असलेले साधन बाळाच्या पायांत घालावे लागते. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर चार वर्षांचे होईपर्यंत रोज झोपेच्या वेळी. पाऊल वाढते तसा बूट बदलावा लागतो. हे साधन मध्येच सुटले तर पाऊल पुन्हा वळते. विकार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आता हिशेब मांडा. मुखेडहून नांदेड सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. सहा आठवडे, सहा खेपा. एस.टी.त स्त्रियांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे, तेव्हा भाड्याची बाजू थोडी हलकी झाली, हे मान्य करावे. खरा खर्च तिकिटाचा नव्हेच. तो बुडालेल्या दिवसाचा आहे. ऊसतोडीत तोडणे, मोळी बांधणे आणि गाडी भरणे ही कामे जोडीने चालतात. बाई बाळाला घेऊन दवाखान्यात गेली तर अर्धी मजुरी बुडते, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकातील गणित सांगेल. फडातले गणित निराळे आहे. एक हात थांबला की कोयताच थांबतो. वर मुकादम खाडा लावतो, आणि तो उचलीतून वळता होतो. सहा प्लास्टरांसाठी घेतलेले सहा दिवस हे अशा रीतीने पुढच्या हंगामावर चढलेले कर्ज होते. मग पट्टी कोपीच्या कुडाला टांगलेली राहते, आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत शेरा पडतो की, पालकांनी हयगय केली. हा शेरा लिहिणाऱ्यांना फडावरचा एक दिवस दाखवावयास हवा.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात वाकडे पाऊल आणि जन्मजात निखळलेला खुबा हे दोन्ही विकार शोधावयाच्या यादीत आहेत. परंतु विम्याच्या पद्धतीने चालणाऱ्या योजनेचे एक व्याकरण असते. जे रुग्णालयात दाखल होऊन घडते, ज्याला नाव आणि दर लावता येतो, त्याचेच पैसे ती मुख्यतः देते. कापणे मोजता येते. आईने रात्री बारा वाजता रडणाऱ्या पोराच्या पायांत पुन्हा पट्टी बसवली, हे कोणत्याच पॅकेजात बसत नाही.

मेंदूच्या पक्षाघाताच्या बाबतीत हा दोष अधिकच घातक ठरतो. सेरेब्रल पाल्सी या नावाने ओळखला जाणारा हा विकार हजार जन्मांमागे दोन-तीन बालकांत आढळतो. मूल वेळेआधी जन्मणे, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, नवजात काविळीवर वेळीच उपचार न होणे, ही त्याची काही प्रमुख कारणे. इजा मेंदूला झालेली असते. ती वाढत नाही, आणि कोणतीही शस्त्रक्रिया ती भरून काढीत नाही. वाढते ते हाड. ताठरलेला स्नायू हाडाच्या वेगाने लांब होत नाही, म्हणून टाच उचलली जाते, गुडघा वाकतो, खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो. अस्थिशल्यविशारद या परिणामांवर इलाज करतो.

येथे घाई घातक असते. फार लहान वयात टाचेची नस लांबवली तर ती पुन्हा आखडते. जास्त लांबवली तर मूल पुढे गुडघे मोडून चालू लागते, आणि ही अवस्था पहिलीपेक्षा वाईट. दरवर्षी एकेक नस सोडवण्याच्या जुन्या रीतीला टोरोंटोचे शल्यविशारद मर्सर रँग यांनी 'वाढदिवसाचा विकार' असे उपरोधिक नाव दिले होते, कारण मुलाचा प्रत्येक वाढदिवस रुग्णालयात जाई. आज तज्ज्ञ शक्यतो वाट पाहतात आणि सहा ते दहा वर्षांच्या सुमारास आवश्यक त्या सर्व दुरुस्त्या एकाच वेळी करतात. नवजात काविळीने ज्यांच्या मेंदूचा खोल भाग दुखावतो, त्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे हातपाय आपोआप वळतात, स्नायूचा ताण क्षणाक्षणाला बदलतो. अशा मुलाची नस कापली तर पाय उलट्या दिशेने वाकडा होण्याची भीती असते. त्या मुलाला लागत होता तो जन्मल्यानंतरच्या आठवड्यातला निळ्या प्रकाशाचा दिवा, आणि तो मुंबईत नव्हे, तालुक्याच्या प्रसूतिगृहात लागत होता.

या देशातील अस्थिशल्याची परंपरा पोलिओवर वाढली. मुंबईत फातेमा इस्माईल यांनी आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर 1947 साली अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था काढली. हाजी अलीचे बालकांचे अस्थिरुग्णालय त्यातून उभे राहिले. पोलिओत स्नायू लुळा पडतो, मेंदूच्या पक्षाघातात तो ताठरतो. पहिल्यासाठी बसलेला हात दुसऱ्यावर तसाच चालवला तर नुकसान होते. शिबिर भरवून एका दिवसात रांगेने नसा सोडवण्याची प्रथा पोलिओच्या काळात लोकप्रिय झाली. मंडप, हार, छायाचित्रे सारे झाले. शिबिर उठल्यावर भौतिकोपचार कोण देणार, हे मंडपात कोणी विचारीत नसे. अलीकडे अपंग हा शब्द जाऊन दिव्यांग आला. शब्द बदलण्याचा खर्च कमी असतो.

तरीही पोलिओनेच एक मोठा धडा दिला आहे. 1995 साली देशभर सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेत पाच वर्षांखालील प्रत्येक मूल घरोघर जाऊन, वीटभट्टीवर, स्थानकावर, फडावर शोधले गेले. 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तांड्यावरचे मूल शोधता येत नाही, ही सबब त्या दिवशी संपली.

स्वीडनने 1994 पासून हेच तत्त्व मेंदूच्या पक्षाघाताला लावले. दक्षिणेकडील भागात अशा प्रत्येक मुलाची नोंदवही उघडली. भौतिकोपचारतज्ज्ञ ठरावीक काळाने सांधे मोजतात, खुब्याचा क्ष-किरण निघतो, खुबा सरकू लागताच लहान शस्त्रक्रिया वेळेवर होते. त्यामुळे तेथे निखळलेला खुबा जवळजवळ दिसेनासा झाला. त्यांचे शल्यविशारद काही अलौकिक नाहीत. त्यांची वही नीट आहे, आणि आजारी मुलामागे रजा घेणाऱ्या आईबापांना तेथे बुडालेल्या वेतनाचा भत्ता मिळतो.

म्हणून मागणी शस्त्रक्रियेच्या पॅकेजाचा आकडा वाढवण्यापाशी थांबू नये. तालुक्याच्या ठिकाणी कायम पगाराचा भौतिकोपचारतज्ज्ञ आणि बूट-पट्टी दुरुस्त करणारा कारागीर हवा. उपचाराच्या दिवसाची मजुरी मजूर कुटुंबाला मिळावी, आणि साखर कारखान्याने त्या दिवसाचा खाडा धरू नये. बाल स्वास्थ्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीस येते. हंगामात ते आले तर तोडणीला गेलेले मूल पटावर असते, अंगणवाडीत नसते. तेव्हा गाड्या निघण्याआधीच, दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक तांड्यावर कार्यकर्त्याने एक साधी यादी करावी: मूल कोणते, पायातल्या बुटाचे माप काय, पुढचा क्ष-किरण कोणत्या महिन्यात, कुटुंब कोणत्या कारखान्याला चालले आहे, त्याच्याजवळचे सरकारी रुग्णालय कोणते. यादीत एक रकाना मुकादमाच्या नावाचाही असावा; खाडा तोच लावतो.