रेशमावरचा बांध

(हितचिंतकांच्या मेळाव्यात रंगकाम वर्गाविषयी केलेले भाषण)



डहाणू भागातल्या आमच्या बहिणींनी रंगवलेले रेशमी स्टोल आपण आवडीने घेता, त्याबद्दल प्रथम आपले आभार. ते कसे तयार होतात हे आज थोडक्यात सांगते, कारण त्यावरूनच शेवटी मी आपल्याकडे एक मागणे मागणार आहे.

वारली चित्र मूळचे भिंतीवरचे. सारवलेल्या कुडावर, डिंक घातलेल्या तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने ते काढतात. तिथे रेघ ओढली तिथेच राहते. रेशमावर मात्र पातळ रंग धाग्याधाग्याने चहूकडे धावतो. एक थेंब टाकला की बघता बघता रुपयाएवढा होतो.

म्हणून शेताला घालतो तसा आधी बांध घालावा लागतो. पहिल्यांदा कापडाची खळ धुऊन काढायची, नाहीतर बांध धाग्यात मुरत नाही. मग कापड चौकटीवर ताणायचे. ते खाली टेबलाला टेकले तर तिथे रंग साचतो. नंतर बारीक तोंडाच्या बाटलीतून गट्टा नावाच्या चिकट द्रवाने चित्र काढायचे आणि ते पूर्ण वाळू द्यायचे. वाळल्यावर कापड उजेडासमोर धरून रेघ तपासायची. दोन रंगांमधल्या रेघेत सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी रंग पलीकडे जातो.

रंग भरताना कुंचला रेघेला भिडवायचा नाही. थोडा रंग मधे सोडायचा, तो आपण होऊन रेघेपर्यंत येतो. मोठा भाग रंगवताना मधेच उठायचे नाही, कारण वाळलेल्या कडेचा डाग राहतो. शेवटी साध्या कागदात गुंडाळून वाफ द्यायची, म्हणजे रंग पक्का होतो. वाफेचे पाणी ठिबकले तर पुन्हा डाग. मग कापड धुतले की गट्टा विरघळून जातो आणि खालचे कोरे रेशीम दिसते. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसे पांढऱ्या रंगाने काढलेली नसतात. तिथे रंग पोचू दिलेला नसतो, इतकेच.

यातले काहीही घाईने होत नाही. नाताळच्या तोंडावर एकदम मागणी आली की रेघ पुरती वाळायच्या आधीच रंग भरावा लागतो. एके ठिकाणी रंग फुटला की स्टोल विकता येत नाही. रेशमाचे पैसे जातात आणि त्या बाईची मेहनतही जाते. बिघडलेल्या कापडाचे पैसे कुणाच्या मजुरीतून कापायचे नाहीत, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. तो टिकायचा असेल तर बिघाड कमी झाला पाहिजे.

म्हणून माझे मागणे असे. नाताळची मागणी सप्टेंबरातच नोंदवा आणि रेशमापुरती रक्कम आगाऊ द्या. म्हणजे पाऊस ओसरल्यावरची कोरडी हवा आमच्या हाती लागेल.

आणि आणखी एक. दया म्हणून स्टोल घेऊ नका. तो उजेडासमोर धरा, रेघ नीट पाहा. कुठे रंग पसरलेला दिसला तर मोकळेपणाने सांगा. रेघ स्वच्छ असेल तर पूर्ण किंमत द्या. आमच्या बहिणींना तेच हवे आहे.