घराचें गहाण आणि मंदीचा काळ

घर गहाण पडलें हे शब्द आपल्या कुटुंबांतून अजूनही दबक्या आवाजांतच उच्चारले जातात. गहाण म्हटलें कीं सावकार, चक्रवाढ व्याज आणि दाराशीं पिटलेली लिलावाची दवंडी डोळ्यांपुढें उभी राहते. घर कशानें जातें असें कोणास विचारिलें, तर व्याजानें, हेंच उत्तर बहुधा मिळेल. आपल्या दामदुपटीच्या जुन्या नियमानेंही लगाम घातला होता तो व्याजासच : एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये. परंतु बाजार खालावला असतां घर जातें तें पुष्कळदां व्याजामुळें नव्हे, तर मुदतीमुळें. याची एक हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. ती अमेरिकेंतील असून नव्वद वर्षांहून जुनी आहे.

१९२९ सालच्या पूर्वीं तेथील मध्यमवर्गीय गृहस्थ घर घेई, तेव्हां किंमतीच्या सुमारें निम्मी रक्कम त्यास पहिल्या गहाणावर मिळे. मुदत पुष्कळदां तीन ते पांच वर्षांची असे. त्या मुदतींत कित्येकजण केवळ व्याज भरीत. मुद्दल जसेंच्या तसें राही. मुदत संपली कीं तें एकरकमी परत करणें भाग. पण तितकी रक्कम कोणापाशीं असणार? म्हणून जुनें कर्ज फेडण्यास नवें कर्ज काढावें, हा रिवाज पडला होता. किंमती चढत होत्या तोंपर्यंत धनकोही आनंदानें नवें खत करून देई.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. दहा हजार डॉलरचें घर; त्यावर पांच हजारांचें कर्ज; व्याज शेंकडा सहा. म्हणजे महिन्यास पंचवीस डॉलर. गृहस्थानें एकदांही व्याज चुकविलेलें नाहीं. १९३२ सालीं मुदत भरली. घराची किंमत उतरून साडेसहा हजारांवर आली आहे. बँकेच्या दारांत ठेवीदारांची रांग लागली असून तिला रोख पैका हवा आहे. ती म्हणते, पांच हजार आणा. घराचें मोल कर्जाहून अधिकच आहे, व्याज थकलेलें नाहीं, आणि तरीही घर लिलावांत निघतें. कारण त्या दिवशीं पांच हजार डॉलर कर्जाऊ देणारा गांवांत कोणी उरलेला नाहीं. असे लिलाव वाढले कीं शेजारच्या घराचीही किंमत उतरते आणि त्याच्या मालकाची पाळी येते. त्यांत ज्यांची नोकरी गेली होती, त्यांच्याविषयीं तर बोलावयासच नको. १९३३ सालीं तेथें दिवसास सुमारें एक हजार घरें अशा रीतीनें जात होतीं.

त्या वर्षीं १३ जून रोजीं कायदा होऊन ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ नांवाचें सरकारी महामंडळ स्थापन झालें. त्याची युक्ति साधी होती. बँकेस रोख रकमेऐवजीं महामंडळाचे रोखे द्यावयाचे आणि तिच्या हातांतील गहाण आपल्याकडे घ्यावयाचें. मग घरमालकाशीं नवा करार करावयाचा : मुदत पंधरा वर्षांची, व्याज शेंकडा पांच, आणि प्रत्येक मासिक हप्त्यांत व्याजाबरोबर मुद्दलाचाही कांहीं अंश. कर्ज घराच्या मूल्याच्या शेंकडा ऐंशींपर्यंत आणि फार तर १४,००० डॉलर; वीस हजारांहून अधिक मोलाच्या घरांस ही सोय नव्हती. मूल्य ठरवितांना केवळ पडत्या बाजाराचा भाव पाहिला जात नसे; बांधकामाचा खर्च आणि मिळूं शकणारें भाडें हींही हिशेबांत धरलीं जात.

आपल्या उदाहरणांतील पांच हजारांचा नवा हप्ता महिन्यास सुमारें साडेएकोणचाळीस डॉलर येतो. म्हणजे पंचवीसांचे साडेएकोणचाळीस झाले! मग यांत उपकार तो कोणता? उपकार हा कीं, पांचव्या वर्षीं येणारा तो एकरकमी मागणीचा दिवस नाहींसा झाला, आणि दर महिन्यास घराचा थोडासा भाग मालकाचा होऊं लागला. ज्यांस इतका हप्ता तूर्त झेपत नसे, त्यांस मुद्दलाची फेड जून १९३६ पर्यंत तहकूब ठेवण्याची सवलत मिळूं शके.

सुमारें एकोणीस लाख अर्ज आले. त्यांपैकीं दहा लाखांहून कांहीं अधिक मंजूर झाले. तीन अब्जांवर डॉलर त्यांत गुंतले. तरीही कर्ज मिळालेल्यांपैकीं सुमारें पांचांतील एकाचें घर अखेर गेलेंच. उत्पन्नच आटलें तेथें मुदत तरी काय करणार? १९३९ सालीं मुदत पंचवीस वर्षांपर्यंत वाढविण्याची मुभा मिळाली आणि व्याजही साडेचार टक्क्यांवर आलें. १९५१ सालीं महामंडळाचा हिशेब आटोपला, तेव्हां थोडासा नफाच शिल्लक होता. मात्र त्याच महामंडळानें शहरांचे नकाशे करवून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगानें धोक्याच्या म्हणून दाखविल्या, हेंही सांगितलें पाहिजे. दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या या नव्या व्यवस्थेचा लाभ पुढें कित्येक वर्षें त्या वस्त्यांस फारसा पोंचलाच नाहीं.

इतकें होऊनही २००६ नंतर तेथें किंमती कोसळल्या, तेव्हां जुनीच चूक नव्या वेषांत पुढें आली. प्रारंभीं दोनतीन वर्षें हलकें व्याज आणि मग तें एकदम चढणार, अशीं कर्जें अनेकांनीं घेतलीं होतीं. तोंवर नवें कर्ज काढूं, हा त्यांचा भरंवसा. घराचें मोल कर्जाहून खालीं जातांच तें दार बंद झालें. २००९ सालीं सरकारला पुनः योजना आखावी लागली, कीं घर कर्जाहून कमी मोलाचें झालें तरी ठराविक कर्जदारांस कमी व्याजाचें नवें कर्ज मिळावें.

आपल्याकडील गृहकर्ज आरंभापासूनच दीर्घ मुदतीचें असतें. तो पांचव्या वर्षाचा दिवस आपल्या वांट्यास सहसा येत नाहीं. आपला धोका उलट बाजूचा आहे. बदलत्या दराच्या कर्जावर व्याज वाढलें कीं हप्ता तोच ठेवून मुदत लांबविली जाते. घरांत कोणास तें कळतही नाहीं, आणि पन्नाशींतील गृहस्थाचें कर्ज निवृत्तीच्या पलीकडे जाऊन बसतें. २०२३ सालीं रिझर्व्ह बँकेनें कर्ज देणाऱ्या संस्थांस बजावलें कीं, दर बदलतांना हप्ता वाढवावा कीं मुदत, हें कर्जदारास विचारावें. व्यक्तींच्या अशा गृहकर्जावर मुदतीपूर्वीं फेडीचा दंड बँकांनीं आकारूं नये, हा तिचा नियम २०१२ सालचा आहे. म्हणून बाकी दुसऱ्या बँकेकडे नेण्याची वाटही मोकळी आहे. परंतु दुसरी बँक घराचें आजचें मोल आणि आपलें आजचें उत्पन्न पाहील. ही वाट चालावयाची ती दोन्ही शाबूत आहेत तोंवरच.

तेव्हां श्रोतेहो, या रविवारीं कर्जाचा कागद काढा आणि पतिपत्नींनीं मिळून तीन आंकडे एका ओळींत लिहा : मुद्दल किती उरलें, शेवटचा हप्ता कोणत्या सालीं, आणि पगार थांबणार कोणत्या सालीं. दुसरें साल तिसऱ्याच्या पुढें गेलें असेल, तर सोमवारीं बँकेंत जा.