पडद्यामागील करारनामे



या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानून मी आपला वेळ एकाच विषयासाठी मागणार आहे. तो म्हणजे लिनक्सच्या डिस्ट्रोमध्ये पडदा चालविणाऱ्या सर्व्हरसाठी ग्राफिक्स ड्रायव्हरांची पॅकेजे बांधणे. आवाज बंद पडला किंवा प्रिंटर अडून बसला, तर मनुष्य पडद्यावरची सूचना वाचून काही उपाय तरी करू शकतो. परंतु पडदाच काळा राहिला, तर ज्या साधनाने त्याने दोष ओळखायचा तेच त्याच्या हातून जाते, आणि म्हणून या खात्यातील चूक इतर खात्यांतील चुकांहून अधिक निष्ठुर ठरते.

हा सर्व्हर ज्या प्रणालीचा, त्या १९८४ साली एमआयटीमध्ये जन्मलेल्या आणि १९८७ साली अकराव्या आवृत्तीस पोहोचलेल्या एक्स विंडो प्रणालीचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. एक्सचा मुक्त सर्व्हर असलेल्या एक्सफ्री८६च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत कार्डांच्या अनेक कुळांसाठी स्वतंत्र सर्व्हर असे, एस-थ्रीचा एक तर मॅक-६४चा दुसरा. २००० सालच्या चौथ्या आवृत्तीने सर्व्हर एकच ठेवून ड्रायव्हर त्यात मागाहून चढविण्याची तजवीज केली. २००४ साली परवान्याच्या वादातून बहुतेक डिस्ट्रो एक्स.ऑर्गच्या सर्व्हरकडे वळले, आणि डिसेंबर २००५मध्ये, अकराव्या आवृत्तीच्या सातव्या प्रकाशनात, तो एकसंध डोलारा शेकडो सुट्या भागांत विभागला गेला. या विभागणीने रचनाकारांचे ओझे हलके केले, हे खरे. परंतु हे सुटे भाग परस्परांशी सुसंगत राखण्याची जोखीम त्या दिवसापासून आपल्या, म्हणजे पॅकेजकारांच्या, शिरावर आली.

सर्व्हर आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये एबीआय नावाचा जो करारनामा असतो, त्याचा मुख्य क्रमांक बदलला की जुन्या कराराबरहुकूम बांधलेला ड्रायव्हर नवा सर्व्हर चढवून घेत नाही. तो लॉगमध्ये क्रमांक जुळत नसल्याची नोंद करतो, आणि दुसरा ड्रायव्हर हाताशी नसेल तर वापरणाऱ्यासमोर काळा पडदा उभा राहतो. डेबियन या डिस्ट्रोच्या मंडळींनी यावर योजलेली तरतूद मला या क्षेत्रातील अत्यंत विचारी कामांपैकी एक वाटते. तेथे सर्व्हरचे पॅकेज ‘एक्सऑर्ग-व्हिडिओ-एबीआय-२५’ अशा नावाचे आभासी पॅकेज पुरवीत असल्याचे जाहीर करते आणि प्रत्येक ड्रायव्हर त्याच नावावर अवलंबून असल्याचे लिहून देतो. त्यामुळे करार मोडणारी जोडी पॅकेज बसविण्याच्या वेळीच अडविली जाते, जेव्हा पडदा उजळलेला असतो आणि नकाराचे कारण वाचता येते. क्रमांक बदलला म्हणजे सर्व ड्रायव्हर नव्याने बांधून एकत्र पुढे न्यावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, कोणी त्याची वाहवा करीत नाही, आणि तरीही सर्व्हर पुढे आणि ड्रायव्हर मागे अशी अवस्था वापरणाऱ्याच्या यंत्रापर्यंत पोहोचू न देणे हेच आपल्या व्यवसायाचे मुख्य ब्रीद आहे, असे मी मानतो. ज्या ड्रायव्हराचा सोर्स बंदिस्त असतो, तो आपणास पुन्हा बांधता येत नाही. उत्पादकाची नवी आवृत्ती येईपर्यंत सर्व्हर थांबवावा की त्या कार्डांना मागे ठेवावे, हा पेच मग निर्माण होतो, आणि मुक्त सोर्सचा आग्रह केवळ तात्त्विक नाही हे अशा वेळी पटते.

अलीकडे हे चित्र पालटत आहे. २००९ सालच्या २.६.२९ या कर्नलपासून इंटेलच्या कार्डांपुरते मोड, म्हणजे पडद्याची मांडणी, ठरविण्याचे काम कर्नलने स्वतःकडे घेतले, पुढे इतर कार्डेही त्या वाटेने गेली, आणि २०१५ साली ‘मोडसेटिंग’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर १.१७ या आवृत्तीच्या सर्व्हरमध्येच समाविष्ट झाला. परिणामी साधारणतः २००७ नंतरच्या इंटेल चिपांसाठी वेगळा ड्रायव्हर वापरू नये, असा सल्ला डेबियनचे पॅकेजच देते. एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडमध्ये तर कार्डागणिक वेगळा सर्व्हर-ड्रायव्हर ही कल्पनाच उरत नाही. या बदलाचे मी स्वागत करतो. परंतु ज्या जुन्या कार्डांना कर्नलचा हा आधार कधी मिळालाच नाही, ती ग्रामीण शाळांतून आणि लहान ग्रंथालयांतून अजून चालू असू शकतात. त्यांचे ड्रायव्हर ‘कोणी वापरीत नाही’ या गृहीतावर यादीतून काढून टाकणे मला न्याय्य वाटत नाही, आणि ज्या ड्रायव्हराची प्रत्यक्ष कार्डावर तपासणी करणारा एकही मनुष्य नाही, तो नुसता यादीत ठेवणे हेही तितकेच अप्रामाणिक आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की आपणांपैकी ज्यांच्याकडे अशी कार्डे चालू स्थितीत आहेत, त्यांची नावनिशीवार नोंद आज दुपारच्या सत्रातच करावी. पुढील आवृत्ती गोठविण्यापूर्वी प्रत्येक ड्रायव्हर त्या त्या कार्डावर चालवून पाहावा. आणि ज्यास तपासनीस मिळणार नाही, तो काढण्याचा इरादा एक संपूर्ण आवृत्ती आधी, पर्यायी ड्रायव्हराच्या नावासह, प्रकाशन-टिपणांत स्पष्ट लिहावा.