दाराशी आलेला प्रतिस्पर्धी



जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील इशिकावा प्रांतात कोमात्सू हे शहर आहे. त्या परिसरातील युसेनजी येथील तांब्याच्या खाणीस लागणारी यंत्रे बनविण्यासाठी ताकेउची मेइतारो या उद्योजकाने १९१७ मध्ये तेथे कारखाना काढला. १९२१ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली आणि तिने गावाचेच नाव धारण केले. खाण पुढे बंद पडली. कारखाना मात्र टिकला.

१९३१ मध्ये कोमात्सूने पट्ट्यांवर चालणारा शेतीचा ट्रॅक्टर बनविला. १९४३ मध्ये नौदलाच्या धावपट्ट्यांसाठी तिने बुलडोझर तयार केला. १९४७ मध्ये माजी मंत्री कावाई योशिनारी अध्यक्ष झाले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशाची पुनर्बांधणी सुरू होती. रस्ते, धरणे, बंदरे यांच्या कामावर बुलडोझरला मागणी होती. स्पर्धा बेताची, खप चांगला. अशा सुस्थितीत आपल्या मालाची उणीव सहसा कोणाला दिसत नाही.

ती दिसली १९६१ मध्ये. अमेरिकेची बलाढ्य कॅटरपिलर कंपनी मित्सुबिशीच्या भागीदारीने जपानमध्येच उत्पादन करणार, असे जाहीर झाले. कोमात्सूचा बुलडोझर टिकाऊपणात अमेरिकी यंत्राच्या पासंगालाही पुरत नव्हता. कंपनी बुडणार, असेच अनेकांना वाटले.

भागीदारीची ती कंपनी प्रत्यक्षात उभी राहिली १९६३ मध्ये. मधल्या दोन वर्षांचा अवधी हीच कोमात्सूची शिदोरी. कावाई यांनी 'मारू-ए', म्हणजे वर्तुळातला 'ए', या नावाने मोहीम हाती घेतली. खर्चाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी यंत्र जागतिक तोडीचे करा, असा तिचा दंडक होता. इंजिनाचे तंत्र अमेरिकेच्याच कमिन्स कंपनीकडून परवान्याने घेतले. शिकण्यात कमीपणा मानला नाही. अधिकाऱ्यांपासून कामगारांपर्यंत सर्वांना गुणवत्ता नियंत्रणाचे धडे दिले. नव्या बुलडोझरचे आयुष्य दुप्पट झाले. हमीकाळातील तक्रारी सुमारे दोन-तृतीयांशाने घटल्या. १९६४ मध्ये कंपनीस गुणवत्तेचे डेमिंग पारितोषिक मिळाले. पुढे दोन दशकांत ती या क्षेत्रात जगात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली.

भारताचाही या कथेशी संबंध आहे. १९६४ मध्ये बंगळुरात स्थापन झालेल्या 'भारत अर्थ मूव्हर्स' या सरकारी कंपनीने कोमात्सूच्या तांत्रिक सहकार्याने बुलडोझर बनविले. १९९८ मध्ये लार्सन अँड टुब्रोने कोमात्सूशी भागीदारी केली.

२०११ मध्ये कोमात्सू शहरातील जुन्या कारखान्याच्या जागेवर कंपनीने प्रशिक्षण केंद्र उभारले. जगभर पसरलेली ही कंपनी आपल्या माणसांना शिकण्यासाठी आजही त्या मूळ गावी आणते.

सज्जनहो, परकीय स्पर्धेची चर्चा आपल्याकडे वारंवार होते. संरक्षण असावे की नसावे, यावर वाद झडतात. कोमात्सूला मिळालेले संरक्षण अवघ्या दोन वर्षांचे होते. त्या दोन वर्षांत तिने काय केले, याचा विचार प्रत्येक उद्योजकाने, अभियंत्याने आणि कामगाराने जरूर करावा.