मतदाराची ओळख

१९५४ च्या उन्हाळ्यांत भंडारा येथें लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण व दुसरी राखीव. राखीव जागेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, सर्वसाधारण जागेसाठीं श्री. अशोक मेहता. मेहता निवडून आले, डॉ. आंबेडकर पराभूत झाले. त्या पराभवाची चर्चा पुष्कळांनीं केली आहे व येथें तिचें प्रयोजन नाहीं. लक्षांत घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. घटनेच्या मसुदा समितीचे जे अध्यक्ष, त्यांच्या नांवाची पेटी शोधीत जो शेतकरी, कोष्टी वा धीवर त्या दिवशीं मतदानकेंद्रावर आला, त्याच्यापाशीं छायाचित्राचें ओळखपत्र नव्हतें. त्यानें आपलें नांव सांगावें, अधिकाऱ्यानें तें यादींत पाहावें, उमेदवारांच्या प्रतिनिधींनीं हरकत घेऊं नये आणि बोटास शाई लागावी, एवढ्यानें काम भागे. त्याची ओळख म्हणजे त्याचे शेजारी.

या साध्या ओळखीवर आज फारसा कोणाचा भरंवसा उरलेला नाहीं. छायाचित्राचा पुरावा दाखविल्यावांचून कोणास मत देऊं देऊं नये, असें एक पक्ष म्हणतो. ही अट जितकी कडक करावी तितका गरीब माणूस मतदानापासून दूर लोटला जातो, असें दुसरा म्हणतो. पहिल्या पक्षाचें म्हणणें उडवून लावण्याजोगें खास नाहीं. मृताच्या नांवें कोणी जिवंत मनुष्य मत देऊन गेला, तर साऱ्या गांवाचें मत तेवढ्यानें पातळ झालें. शिवाय शेजाऱ्यांची साक्ष नेहमींच निर्मळ असते, असें कोणी समजूं नये. ज्या गांवांत मालगुजाराच्या मर्जीवांचून पान हलत नसे, तेथें ओळख देणें वा नाकारणें हेंहि त्याच्याच हातीं असावयाचें. खिशांतल्या कार्डाला कोणाची भीड नसते. हा त्याचा गुण मोठा आहे.

सरकारच्या हें ध्यानांत उशिरा आलें असें नाहीं. १९६० सालीं कलकत्त्याच्या नैर्ऋत्य मतदारसंघांतील पोटनिवडणुकीसाठीं छायाचित्रांचीं ओळखपत्रें देण्याचा प्रयोग झाला. दहा महिने खपूनहि तिसऱ्या हिश्शाहून अधिक मतदारांचीं छायाचित्रें निघालींच नाहींत, आणि तो नाद तूर्त सोडून द्यावा लागला. पुढें २८ ऑगस्ट १९९३ रोजीं मुख्य निवडणूक आयुक्त श्री. टी. एन. शेषन यांच्या कारकीर्दींत देशभर ओळखपत्रें देण्याचा हुकूम निघाला. १ जानेवारी १९९५ नंतर ओळखपत्रांवांचून निवडणुका व्हावयाच्या नाहींत, असें त्यांनीं बजावलें होतें. त्या मुदतींत सर्वांस पत्रें मिळालीं नाहींत, आणि महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक फेब्रुवारी-मार्च १९९५ मध्यें झालीच. कार्ड देणें ज्याचें काम, त्याच्याकडून तें झालें नाहीं, तर शिक्षा मतदारास कां व्हावी? या वादांतली ही गांठ तेव्हांपासून सुटलेली नाहीं.

वस्तुतः मतदारास ओळख पटवावी लागते ती दोन दारांशीं. एक दार मतदानकेंद्राचें, तें सर्वांस दिसतें. दुसरें मतदारयादीचें. तें वर्षभर उघडें असतें आणि बहुधा त्याकडे कोणाचें लक्ष नसतें. वाद सारा पहिल्या दाराशीं चालतो. माणसें मात्र गळतात दुसऱ्या दाराशीं.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार झाल्या, त्या वेळचा प्रकार यास चांगला दाखला आहे. पुष्कळ स्त्रियांनीं परक्या पुरुषास आपलें नांव सांगितलें नाहीं. अमक्याची बायको, तमक्याची आई, अशाच नोंदी कारकुनांनीं करून घेतल्या. मुख्य निवडणूक आयुक्त श्री. सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी मानण्याचें नाकारलें. सुमारें ८ कोटि स्त्री-मतदारांपैकीं जवळजवळ २८ लक्ष नांवें त्यामुळें गाळलीं गेलीं. हा प्रकार कांहीं राज्यांत विशेष झाला. सेन यांचा निर्णय कठोर खरा, पण तो योग्य होता. जिला स्वतःचें नांव नाहीं, तिचें मत नवऱ्याच्याच नांवावर जमा होतें, हें त्यांनीं ओळखलें. तथापि त्या स्त्रिया गांवांत कोणास अनोळखी नव्हत्या, हेंहि विसरतां येत नाहीं. ओळख होती, नांव नव्हतें.

आजच्या सुनेची अडचण नेमकी उलटी आहे. तिला नांवें दोन आहेत. आधारकार्डावर माहेरचें, यादींत सासरचें; कोठें दोहोंचे तुकडे एकत्र. सुदैवानें मतदानकेंद्राच्या दाराशीं तिची फार अडवणूक होऊं नये, अशी व्यवस्था आहे. ओळखपत्रांतील लेखनाच्या किरकोळ चुकांकडे, ओळख पटत असेल तर, दुर्लक्ष करावें असा आयोगाचा आदेश आहे. आणि तें पत्र नसेल तर दुसरीं बारा कागदपत्रें चालतात. चिखला वा डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींतला, किंवा जवाहरनगरच्या आयुध निर्माणींतला कायम कामगार नोकरीचें छायाचित्र असलेलें पत्र दाखवूं शकतो. रोवणीच्या दिवसांत बांधींत कंबर वांकवणाऱ्या बाईस रोजगार हमीचें जॉबकार्ड वा छायाचित्र असलेलें बँकेचें पासबुक पुरतें. घरपोच मिळणारी मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून एकटी पुरेशी धरली जात नाहीं, हें अनेकांस केंद्रावर गेल्यावरच कळतें.

एवढी मोठी यादी असतां केंद्रावर पुरावा मागूं नये, हें म्हणणें टिकत नाहीं. इंग्लंडांत २०२३ च्या मे महिन्यांतील स्थानिक निवडणुकींत छायाचित्राची अट प्रथमच लागू झाली, तेव्हां सुमारें १४ हजार माणसें परत पाठविलीं गेलीं तीं पुन्हां आलींच नाहींत. तेथें प्रत्येकापाशीं असेल असें राष्ट्रीय ओळखपत्रच नाहीं; आपल्याकडे कागदांचा तुटवडा नाहीं, झाला तर सुकाळच आहे.

ओळखपत्राहून जुनी अशी एक वस्तु अद्याप केंद्रावर आहे. ती शाई. पत्र सांगतें कीं हा कोण. शाई सांगते कीं हा येऊन गेला. २८ मे २०१८ रोजीं भंडारा-गोंदिया मतदारसंघांत पोटनिवडणूक झाली. उन्हाच्या कडाक्यांत अनेक यंत्रें बिघडलीं आणि ४९ केंद्रांवर ३० मे रोजीं फेरमतदान घ्यावें लागलें. अशा वेळीं डाव्या तर्जनीवरची शाई गृहीत न धरतां मधल्या बोटास नवी खूण करण्याची रीत आहे.

कायद्यानें शेजाऱ्यांची साक्षहि अगदींच टाकून दिलेली नाहीं. दोन रुपये अनामत भरून उमेदवाराचा प्रतिनिधि कोणाहि मतदाराच्या ओळखीस हरकत घेऊं शकतो. आपल्या नांवें दुसराच कोणी मत देऊन गेला असें ज्यास आढळतें, त्यास प्रदत्त मतपत्रिका मिळते. मात्र ती निराळ्या पाकिटांत पडते आणि एरवीं मोजली जात नाहीं. खऱ्या मतदाराचें समाधान तेवढ्यानें व्हावें ही अपेक्षा जरा जास्तच म्हणावी लागेल!

आतां यादीचें दार. ओळखपत्र हातीं असलें म्हणजे मत असलेंच, असा पुष्कळांचा समज असतो. तो खोटा आहे. नांव यादींत नसेल तर कार्ड नुसतें छायाचित्र होय. आणि भंडारा जिल्ह्यांत यादींतून निसटण्याचीं कारणें थोडीं नाहींत. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचें भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजीं झालें. त्या पाण्याखालीं ज्यांचीं गांवें गेलीं, त्यांचा पत्ता बदलला आणि पत्त्याबरोबर यादीहि बदलावी लागली. धान निघालें कीं कामासाठीं कित्येक कुटुंबें नागपुराकडे वा त्याहून दूर जातात. ज्यानें तेथें नांव घातलें व येथलें काढलें नाहीं, तो लबाडी मनांत नसतांहि दुबार मतदार ठरतो. २०२५ च्या अखेरीस नगरपरिषदांच्या निवडणुकांच्या वेळीं राज्य निवडणूक आयोगानें अशा संशयित नांवांपुढें दोन तारकांची खूण केली व मतदारानें एकच केंद्र पत्करावें असें ठरविलें. नांव न कापतां विचारणा करण्याची ही तऱ्हा बरी होती.

बिहारांत त्याच वर्षीं घडलें तें अधिक बोलकें आहे. २४ जून २०२५ च्या आदेशानें तेथें याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी आरंभली गेली. पुरावा म्हणून जे अकरा कागद ठरले, त्यांत आयोगानें स्वतः दिलेलें ओळखपत्र नव्हतें. १ ऑगस्टच्या कच्च्या यादींतून सुमारें ६५ लक्ष नांवें गेलीं. त्यांत मृत, स्थलांतरित व दुबार पुष्कळ होते हें मान्य केलें, तरी आपण जिवंत आहों व येथेंच आहों हें दाखविण्याचा भार माणसावर पडला, तोहि थोड्या आठवड्यांत. अखेर ८ सप्टेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आधारकार्ड बारावा कागद म्हणून घेण्यास सांगितलें. नागरिकत्वाचा नव्हे, ओळखीचा पुरावा म्हणून. केंद्रावर माणूस आपली ओळख दाखवितो, तेव्हां त्याचा हक्क आधींच मान्य झालेला असतो. येथें मात्र हक्कच पुन्हां सिद्ध करावा लागतो. दोहोंस 'ओळख' हा एकच शब्द लावल्यानें वादाचा निम्मा घोटाळा होतो.

यादीची तपासणी घरोघर जाऊन करणारा केंद्रस्तरीय अधिकारी बहुधा गांवचा शिक्षक वा अंगणवाडी सेविका असते. तिला माणसें ठाऊक असतात. परंतु ती कोणत्या महिन्यांत येते यावर फार कांहीं अवलंबून आहे. ती रोवणीच्या दिवसांत आली तर घरीं म्हातारी तरी भेटते, आणि सून बांधींत आहे, संध्याकाळीं या, असें सांगते. धान निघाल्यावर आली तर पुष्कळ दारांस कुलूप असतें.